जुन्या लाकडी पॅनेलिंगची खोली कमी खर्चात स्वतः नवी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतींना गडद लाकडी पॅनेलिंग असलेली खोली एके काळी ऐटदार वाटत असली, तरी आज ती बहुतेकांना कोंदट आणि अंधारी वाटते. अशी खोली स्वतःच्या हाताने सुधारू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात लागते तेथे तिची पुनरुक्ती न करता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅनेलिंग रंगवून खोली खरोखर नवी दिसते का, की ते काढूनच टाकावे लागते?

बहुतेक खोल्यांत रंगवून भागते. पॅनेल भिंतीला घट्ट बसलेले असेल, त्यात ओल नसेल आणि त्याला कीड लागलेली नसेल, तर ते काढण्याचे कारण उरत नाही. काढण्याचा खर्च पॅनेल उतरवण्यावर संपत नाही. त्यामागची भिंत कोणत्या अवस्थेत सापडेल हे आधी कळत नाही आणि गिलावा उखडलेला निघाला तर लहानशा कामाचे मोठे काम होते. त्यामुळे हातात पैसे कमी असतील तर काढणे हा शेवटचा पर्याय समजावा. तरीही काढायचेच ठरले असेल, तर प्रश्न १२ पाहावा.

२. आमच्या भिंतीवरचे पॅनेल अस्सल लाकडाचे आहे, प्लायवुडचे आहे की नुसता छापील कागद चिकटवलेला आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात, पण पुढचे सगळे निर्णय याच उत्तरावर ठरतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पॅनेलची कापलेली कड पाहणे. मेन स्विच बंद करून, टेस्टरने प्रवाह नसल्याची खात्री करून एखाद्या स्विचबोर्डाची प्लेट उघडली की कापलेली कड दिसते. कडेपासून कडेपर्यंत लाकडाचे रेषे सलग गेले असतील तर ती अस्सल फळी. आडवे-उभे थर एकावर एक दिसले तर प्लायवुड. आणि तपकिरी रंगाचा, रेषे नसलेला, पुठ्ठ्यासारखा दाबलेला भुसा दिसला तर हार्डबोर्ड किंवा एमडीएफ.

कड पाहणे शक्य नसेल तर भिंतीपासून चार पावले मागे सरून लाकडावरच्या गाठी पाहाव्यात. अगदी तशीच गाठ, तशाच आकाराची, काही अंतरावर पुन्हा दिसली, तर ती छापील आहे, कारण झाडाला एकसारख्या दोन गाठी येत नाहीत. प्लायवुडवर बहुधा विनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा असतो. तो बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतो आणि घासताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

३. कामाला हात घालण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली तपासणी ओलीची. पॅनेलच्या खालच्या कडेला काळपट डाग, फुगलेला भाग किंवा कुबट वास असेल, तर खालची पट्टी काढून आतल्या भिंतीच्या उघड्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवावा आणि ४८ तासांनी पाहावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले असतील तर दमटपणा खोलीतल्या हवेचा आहे. भिंतीतून ओल येत असताना पॅनेल रंगवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

दुसरी तपासणी किडीची. बोटाच्या पेराने टकटक करत गेल्यास वाळवीने पोखरलेली जागा पोकळ वाजते आणि कोपऱ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसतात. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखी भुकटी ही भुंगेऱ्याची खूण. भुकटी झाडून टाकून पंधरा दिवसांनी पाहावे. नवी पडलेली दिसली तर कीड अजून जिवंत आहे आणि आधी तिचा बंदोबस्त करावा लागेल.

तिसरी तपासणी जीवाशी संबंधित आहे. पॅनेल पूर्वी कधी रंगवलेले असेल आणि तो रंग काही दशकांपूर्वीचा असेल, तर त्यात शिसे असू शकते. अशा रंगाची धूळ लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना विशेष घातक असते. रंगाची चाचणी करून घेतल्याशिवाय तो कोरडा घासू नये. तसेच विसाव्या शतकाच्या मध्यातील बांधकामांत छताचे तक्ते, जमिनीच्या लाद्या आणि त्यांखालचा काळा डिंक यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. संशय असेल तर ते कापू किंवा फोडू नये. नमुना तपासून घ्यावा आणि ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडेच सोपवावे.

४. बजेट तुटपुंजे आहे. पैसे नेमके कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात), ब्रश आणि मास्किंग टेप या तीन वस्तूंत काटकसर करू नये. स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकतात आणि स्वस्त टेप काढताना खालचा रंग सोबत घेऊन निघते. याउलट वरचा रंग मध्यम प्रतीचा चालतो, शिडी आणि घासण्याचे यंत्र मागून आणता येते, आणि जमिनीवर अंथरायला जुन्या चादरी पुरतात. फर्निचर आणि पडदे यांची खरेदी रंग पूर्ण होईपर्यंत थांबवावी. खोली उजळल्यावर जुनेच सामान पुष्कळदा शोभून दिसते.

चारही भिंती एकदम परवडत नसतील, तर खिडकीसमोरची भिंत आधी घ्यावी. तिच्यावर सर्वाधिक उजेड पडतो, त्यामुळे तेवढ्यानेही खोलीतला फरक जाणवतो.

५. रंग किती लागेल याचा हिशोब कसा करावा?

खोलीचा परीघ गुणिले उंची, वजा दारे-खिडक्या. उदाहरणार्थ, ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोलीचा परीघ १४ मीटर, म्हणजे भिंतींचे क्षेत्रफळ ३७.८ चौरस मीटर होते. त्यातून एक दार आणि एक खिडकी मिळून सुमारे ३.३ चौरस मीटर वजा केले की ३४.५ उरतात. एक लिटर रंगात एका हाताला साधारण १० चौरस मीटर होतात असे धरले, तर दोन हातांना सुमारे ७ लिटर लागतील. खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणून पॅनेलिंगसाठी आणखी दहावा हिस्सा धरावा. डब्यावर छापलेला आकडा बहुधा गुळगुळीत भिंतीचा असतो, हे लक्षात ठेवावे.

६. भिंत स्वच्छच दिसते. तरीही धुवावी लागते का?

होय, आणि याच पायरीवर सर्वाधिक कामे बिघडतात. वर्षानुवर्षे लावलेले मेण, फर्निचर चमकवण्याचे सिलिकॉनयुक्त स्प्रे, हाताचा तेलकटपणा आणि धूर यांचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण रंग त्याला धरत नाही. पॅनेलवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल राहून घरंगळला, तर वर मेण किंवा सिलिकॉन आहे असे समजावे.

मेण असेल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि फडके वारंवार बदलावे, नाहीतर तेच मेण भिंतभर पसरते. त्यानंतर कोमट पाण्यात साधे डिटर्जंट घालून, पिळलेल्या स्पंजने पुसावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याचा हात फिरवावा. भिंत निथळेपर्यंत ओली करू नये. हार्डबोर्ड आणि एमडीएफच्या कडा पाण्याने फुगतात व पुन्हा बसत नाहीत.

मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा दाराच्या कडीलगतचा हातभर पट्टाही बाकी भिंतीइतकाच वरवर पुसला होता. महिन्याभराने त्या जागी नख लागले आणि रंगाची साल प्रायमरसकट निघाली. सालीची मागची बाजू तेलकट चकाकत होती. इतरत्र तोच रंग, तोच प्रायमर आजही पक्का आहे. येता-जाता हात लागणारी ही जागा दोनदा नव्हे, तीनदा पुसावी.

७. घासावेच लागते का? भुसा आणि धूळ नको वाटते.

घासायचे ते लाकूड उघडे पाडण्यासाठी नव्हे, तर चकाकी मारण्यासाठी. १५० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलका हात फिरवला की पुरे. पृष्ठभाग सर्वत्र मंद दिसू लागला की थांबावे. विनिअरवर यंत्र चालवू नये, कारण क्षणभर एका जागी थांबले तरी पापुद्रा संपून खालचा थर दिसू लागतो. खाचांत पॉलिश पेपराची घडी घालून हातानेच घासावे. धूळ आधी व्हॅक्यूमने ओढावी, मग ओलसर फडक्याने टिपावी. कापडाचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही, म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ दर्जाचा मास्क वापरावा.

छापील कागदाच्या पॅनेलला घासणे जवळजवळ टाळावे. कागद फाटला की त्याचे तंतू उभे राहतात आणि ते कोणत्याही रंगाखाली लपत नाहीत. अशा पृष्ठभागाला २२० क्रमांकाचा पेपर जेमतेम टेकवून भरवसा चांगल्या पकडीच्या प्रायमरवर ठेवावा.

८. रंगाच्या डब्यावर ‘प्रायमरची गरज नाही’ असे छापले आहे. मग प्रायमर कशाला?

ते वाक्य आधी रंगवलेल्या साध्या भिंतीपुरते खरे असू शकेल. जुन्या पॉलिशवर ते लागू पडत नाही आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले पकडीचे: गुळगुळीत पॉलिश किंवा सनमायका यांवर साधा रंग नुसता बसून राहतो, चिकटत नाही. दुसरे डागांचे: लाकडात टॅनिन नावाचे पाण्यात विरघळणारे द्रव्य असते आणि पाण्याधारित रंग लावला की ते त्यातून वर येते. गाठींमधला राळेसारखा चीकही असाच हळूहळू बाहेर पडतो.

गाठी असलेल्या पाइनच्या फळ्यांवर मी पाण्याधारित प्रायमर आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गाठीच्या जागी फिक्या चहाच्या रंगाचे वर्तुळ उमटले. तिसरा हात दिला. आठवड्याने वर्तुळे परत आली. शेवटी शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून बनवलेला प्रायमर फक्त गाठींवर लावला तेव्हा ती थांबली. तो प्रायमर सुरुवातीला लावला असता, तर रंगाचा एक डबा आणि दोन सुट्ट्या वाचल्या असत्या.

तेव्हा गाठी असलेल्या किंवा गडद लाकडावर शेलॅकचा अथवा डाग अडवणारा तेलाधारित प्रायमर वापरावा; सनमायका आणि छापील पॅनेलवर ‘बाँडिंग’ प्रकारचा प्रायमर वापरावा. शेलॅकच्या प्रायमरमध्ये स्पिरिट असल्यामुळे त्याचा वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. कोणताही प्रायमर निवडला तरी दाराआडच्या वीतभर जागेवर आधी लावून पाहावा. तो वाळल्यावर त्यावर टेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढावी. टेपसोबत प्रायमर आला नाही, तर खुशाल पुढे जावे.

९. पॅनेलमधल्या खाचा भरून भिंत सपाट करता येईल का?

येईल, पण ती सपाट राहील याची खात्री देता येत नाही. लाकूड हवेतला दमटपणा शोषून रुंदीच्या दिशेने फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. लांबीत मात्र हा फरक नगण्य असतो. त्यामुळे अस्सल फळ्यांच्या सांध्यांत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, पहिल्याच ऋतुबदलात तडकते. प्लायवुड त्या मानाने स्थिर असते, म्हणून त्यावर कोरलेल्या दिखाऊ खाचा दोन वेळा लांबी भरून, घासून सपाट होतात. दोन तक्ते जिथे भेटतात तो सांधा मात्र तिथेही चिरतो. त्यावर जाळीची टेप लावून मगच लांबी ओढावी.

माझे स्पष्ट मत असे की खाचा तशाच ठेवाव्यात. एकाच फिक्या रंगाखाली त्या उभ्या रेषा नीटस दिसतात आणि भरण्याच्या कामात जाणारा वेळ पूर्ण रंगकामाएवढा असतो. फक्त खिळ्यांची भोके लाकडाच्या पुट्टीने आणि कोपऱ्यांतील फटी रंग धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने बुजवाव्यात. साधे सिलिकॉन सीलंट येथे वापरू नये. त्यावर रंग बसत नाही आणि ते पूर्ण काढताही येत नाही.

१०. ब्रश वापरावा की रोलर, आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

दोन्ही वापरावेत. आधी छत (ते लाकडी असेल तर प्रश्न १६ पाहावा), मग भिंती, शेवटी दारे-खिडक्यांच्या चौकटी. एका वेळी चार-पाच खाचा ब्रशने रंगवाव्यात आणि तो रंग ओला असतानाच बारीक लोकरीचा रोलर त्या पट्ट्यावरून वरून खाली फिरवावा. सगळ्या खाचा आधी रंगवून मग रोलर घेतला, तर वाळलेल्या कडांच्या रेषा कायमच्या दिसत राहतात. खाचेत साचून ओघळलेला रंग लगेच कोरड्या ब्रशने ओढून घ्यावा.

अस्सल फळ्या असतील तर हे काम शक्यतो कोरड्या हवेच्या दिवसांत करावे. तेव्हा फळ्या आकसलेल्या असतात आणि सांधे उघडे असल्यामुळे रंग आतल्या जिभेपर्यंत, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेपर्यंत, पोचतो. दमट दिवसांत रंगवलेल्या फळ्या पुढे आकसल्या की प्रत्येक सांध्यात जुन्या लाकडाची गडद रेघ उघडी पडते.

पाण्याधारित रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोपर्यंत कपाट टेकवणे, भिंत पुसणे आणि चित्रे टांगणे टाळावे.

११. खोली लहान आणि अंधारी आहे. छटा कोणती आणि चकाकी किती असावी?

शुद्ध पांढरा अंधाऱ्या खोलीत करडा दिसतो. किंचित उबदार छटेचा पांढरा अधिक चांगला. भिंत, चौकटी आणि खालची पट्टी एकाच रंगात घेतल्यास खोली तुकड्या-तुकड्यांची वाटत नाही. चकाकी जितकी जास्त, तितके भिंतीवरचे खाचखळगे उठून दिसतात. म्हणून पूर्ण ग्लॉस टाळून सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा रंग घ्यावा, जो पुसताही येतो. तेलाधारित पांढरा इनॅमल कमी उजेडाच्या खोलीत कालांतराने पिवळा पडतो, ही बाब निवडताना ध्यानात ठेवावी. छटा ठरवण्यापूर्वी रात्रीचा दिवाही पाहावा: २७०० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात आणि ४००० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात एकच रंग दोन वेगळे रंग वाटतात.

१२. पॅनेलिंग काढायचेच ठरवले आहे. भिंतीचे कमीत कमी नुकसान कसे होईल?

आधी एकच तक्ता काढून मागे काय आहे ते पाहावे. काही ठिकाणी मागे गिलावा नसतोच, नुसती लाकडी पट्ट्यांची चौकट असते. अशा वेळी नवी भिंत उभारण्याचा खर्च परवडणार नसेल, तर तो तक्ता परत ठोकून रंगकामाकडे वळावे. यात कमीपणा काही नाही.

पुढे जायचे असेल तर वरच्या-खालच्या पट्ट्या प्रथम काढाव्यात, रंगाने चिकटलेले सांधे धारदार कटरने कापावेत आणि पहारीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू उचकटावे. स्विचबोर्डाजवळ मेन स्विच बंद ठेवूनच हात घालावा. खिळे पुढून ठोकून काढू नयेत. पक्कडीने मागच्या बाजूने ओढल्यास फळीचा दर्शनी भाग शाबूत राहतो. फळ्या पुन्हा वापरायच्या असतील तर मागे पेन्सिलने क्रमांक घालावेत. तक्ता डिंकाने चिकटवलेला निघाला, तर ओढताना गिलावा सोबत येणार हे गृहीत धरावे.

१३. न काढता वरूनच जिप्सम बोर्ड किंवा वॉलपेपर लावला तर?

जिप्सम बोर्ड लावता येतो, पण स्क्रू पातळ पॅनेलमध्ये नव्हे, तर मागच्या पट्ट्यांत गेले पाहिजेत. पट्ट्या शोधण्यासाठी लहान लोहचुंबक भिंतीवरून सरकवावा. तो जिथे ओढला जातो तिथे खिळे आहेत आणि खिळ्यांची रांग म्हणजे पट्टी. बोर्डाची जाडी साधारण १२.५ मिलिमीटर असते आणि तेवढ्याने चौकटी, स्विचबोर्ड आणि खालची पट्टी आत गेल्यासारखी दिसतात. ते सारे पुढे आणण्याचा खर्च लोक धरतच नाहीत. वॉलपेपरसाठी आधी जाड अस्तर-कागद आडवा लावावा. तरीही फळ्यांच्या हालचालीमुळे तो सांध्यांवर ताणला जाऊ शकतो (कारण प्रश्न ९ मध्ये).

१४. आम्हाला लाकूडच ठेवायचे आहे, पण ते कळकट आणि काळपट झाले आहे. काय करावे?

प्रथम प्रश्न ६ प्रमाणे स्वच्छ करून पाहावे. काळपटपणा हा पुष्कळदा पॉलिशवर बसलेल्या मेण-धुळीचाच असतो. त्यानेही भागले नाही, तर वरचे पॉलिश कोणते आहे ते ओळखावे. आडबाजूच्या जागेवर कापसाने मेथिलेटेड स्पिरिट टेकवावे. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे स्पिरिट पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण लॅकर थिनरने विरघळले, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन. स्पिरिट पॉलिश असेल तर नशीब चांगले, कारण जुना थर न उतरवता त्यावरच नवा हात देता येतो. पॉलियुरेथेन मात्र घासल्याशिवाय नवा थर धरत नाही.

१५. घर भाड्याचे आहे आणि रंगवण्याची परवानगी नाही.

मग उजेडावर काम करावे: कोपऱ्यात वर प्रकाश फेकणारा दिवा, खिडकीसमोर मोठा आरसा, जमिनीवर फिक्या रंगाची सतरंजी. चिकटवून काढता येणारा वॉलपेपर जुन्या, सुटत चाललेल्या पॉलिशवर लावू नये. काढताना पॉलिशही निघते आणि अनामत रकमेवर त्याचा परिणाम होतो.

१६. छतालाही लाकडी फळ्या आहेत. त्या रंगवाव्यात का?

भिंती फिक्या केल्यावर गडद छत डोक्यावर आल्यासारखे वाटू शकते, पण उंच खोलीत तेच छान दिसते. त्यामुळे आधी भिंती पूर्ण कराव्यात, महिनाभर खोली वापरावी आणि मग ठरवावे. रंगवल्यास पद्धत भिंतींचीच, मात्र गाठींवरचा प्रायमर चुकवू नये. छताचा डाग बिछान्यावर पडल्या पडल्या रोज दिसतो.

१७. काम संपल्यावर उरलेला रंग आणि भिजलेली फडकी यांचे काय करावे?

जवसाचे तेल किंवा तेलाधारित पॉलिश टिपलेली फडकी चोळामोळा करून कचऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती घडीत कोंडते आणि फडके काही तासांत आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी घराबाहेर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत. उरलेला रंग गटारात ओतू नये. डब्याची कड पुसून झाकण घट्ट बसवावे आणि छटेचा क्रमांक, खोली व तारीख झाकणावर लिहावी. वर्षभराने दाराजवळचा एखादा ओरखडा बुजवायला हाच डबा उपयोगी पडतो.